घरकोंबडा पाद्री

परवा धाकट्या जावेचा पुण्याहून फोन आला. "ताई, केदारनाथच्या ग्रुपमध्ये दोन जागा उरल्यात. तुमचं आणि भावजींचं नाव घालू का?" मी म्हटलं, "ह्यांचं घाल. माझं नको." पलीकडे क्षणभर शांतता. मग हसत हसत, पण मनातलं, "तुम्ही म्हणजे अगदी घरकोंबडी आहात हो!"

आता हे काही मी पहिल्यांदा ऐकलं नाही. लेक म्हणते, जाऊ म्हणते, शेजारच्या निवृत्त बाई तर दर दिवाळीनंतर सहलीचे फोटो दाखवून झाले की म्हणतातच. मी हसून सोडून देते. पण ह्या वेळी फोन ठेवल्यावर जरा विचार करत बसले. त्यामागे एक कारण होतं, ते पुढे सांगते.

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. देशाटनाची थोरवी सांगणारी ती प्रसिद्ध आर्याही, मराठीचे सर रजेवर असले की, मीच फळ्यावर लिहून दिलेली आहे. आणि इतिहासाच्या पुस्तकात घरी बसलेला माणूस नसतोच. जो निघाला, स्वारीवर गेला, समुद्र ओलांडला, तोच धड्यात येतो. थोरल्या बाजीरावाला एप्रिल १७२० मध्ये पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हा तो विशीतला पोरगा होता. तिथून पुढची वीस वर्षं त्याची घोड्यावरच गेली. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२ ला वास्तुशांत झाली, पण त्या वाड्यात स्वस्थ बसायचे दिवस त्याच्या वाट्याला किती आले? २८ एप्रिल १७४० ला तो गेला तोही नर्मदेकाठी रावेरखेडीला, छावणीत. वय चाळीससुद्धा नाही. हा धडा शिकवताना वर्गातली मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची.

तर बाजीराव पेशवा झाला त्यानंतर तीन महिन्यांनी, १८ जुलै १७२० ला, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाच्या खेड्यात एक मुलगा जन्माला आला. गिल्बर्ट व्हाइट. हा माणूस बहात्तर वर्षं जगला, आणि मेला तो त्याच खेड्यात, आपल्या लहानपणच्या घरात. मी त्याचं पुस्तक नातवाच्या कृपेने वाचलं. त्याने ते टॅबवर उतरवून दिलं आणि अक्षरं मोठी करून दिली. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शेजारी शब्दकोश घेऊन, रोज चार पानं, असं वाचायला मला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही लागले. त्यानंतर त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

सेलबोर्न लंडनपासून सुमारे पन्नास मैलांवर. गावामागे खडूच्या दगडाची तीनशे फूट उंच टेकडी, तिच्यावर बीच वृक्षांची दाट झाडी. गावाकडे येणारे रस्ते शतकानुशतकांच्या वाहतुकीने आणि पाण्याने इतके खचलेले, की काही ठिकाणी शेताच्या पातळीपासून सोळा-अठरा फूट खाली गेलेले. १७८३ साली गावाची लोकसंख्या किती? तर ६७६. ही शिरगणती आपल्याला ठाऊक आहे ती व्हाइटनेच पुस्तकात देऊन ठेवली म्हणून.

त्याचे आजोबा ह्याच गावचे पाद्री. ह्याचीही तीच इच्छा असणार. पण गंमत बघा. सेलबोर्नचा पाद्री नेमायचा हक्क ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजकडे होता आणि हा शिकला ओरिएल कॉलेजात! म्हणजे आपल्या गावात त्याला कायमची जागा मिळणं शक्यच नव्हतं. तो राहिला तिथे मदतनीस पाद्री म्हणून, बदलीवरच. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे लगेच कळेल: संस्थेत काम तेच, वर्गही तेच, पण मस्टरवर नाव मात्र 'हंगामी'. ओरिएल कॉलेजच्या हातातल्या दुसरीकडच्या चांगल्या जागा त्याच्यापुढे आल्या, तिथे जाऊन राहायला हा तयार नाही. (एका दूरच्या गावचं उत्पन्न मात्र त्याने घेतलं, आणि काम करायला तिथे दुसरा माणूस ठेवला. त्या काळी तशी रीतच होती म्हणतात, पण मला ते खटकलंच.)

तरुणपणी हा घरकोंबडा नव्हता, हे विशेष. घोड्यावरून दक्षिण इंग्लंड पालथं घालायचा, इतकं की त्याचा मित्र जॉन मल्सो त्याला घोडेस्वार शिपायाच्या नावाने चिडवायचा. पण घोडागाडीत बसला की ह्याला गाडी लागायची. हे वाचलं आणि मी टॅब बाजूला ठेवून मनसोक्त हसले. मलाही लागते! सातारा-महाबळेश्वर हा घाट मी आयुष्यात तीनदा चढले आहे आणि तिन्ही वेळा काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

मग हा गावात बसून करत काय होता? १७५१ पासून बागेची वही लिहायला लागला. कोणत्या दिवशी काय पेरलं, काकड्या कधी लागल्या, खरबुजांच्या वाफ्यात शेण किती गाड्या घातलं. गरम शेणखताच्या वाफ्यावर, थंड इंग्लंडमध्ये, खरबुजं पिकवायची त्याला भारी हौस. १७६१ च्या जानेवारीत आपल्याकडे पानिपत झालं. त्याच वर्षी हा बागेच्या कडेची भिंत बांधून घेत होता. दोन घटना शेजारी ठेवल्या की कसंतरी होतं, पण जगात दोन्ही एकाच वेळी चालू होत्या हे खरंच. बागेच्या टोकाला पुतळा असावा अशी श्रीमंतांची फॅशन होती. ह्याच्यापाशी तेवढे पैसे कुठले? मग ह्याने फळीवर हर्क्युलिसचं चित्र रंगवून, कापून उभं केलं. लांबून बघणाऱ्याला दगडी पुतळा वाटावा!

१७६८ पासून त्याने छापील रकान्यांच्या वहीत रोजच्या नोंदी सुरू केल्या. उष्णता, हवेचा दाब, वारा, पाऊस, कोणत्या झाडाला पालवी आली, कोणता पक्षी प्रथम दिसला. म्हणजे थोडक्यात हजेरीच. आम्ही कॅटलॉगमध्ये हजर-गैरहजर मांडायचो, तशी हा पाकोळ्यांची, रातकिड्यांची, गांडुळांची हजेरी मांडायचा. पंचवीस वर्षं, जवळपास खंड न पडता. पंचवीस वर्षं कॅटलॉग भरणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी भरला त्यांनाच ठाऊक.

आणि त्या हजेरीतून काय निघालं पाहा. हिरवट, एकसारखे दिसणारे चिमुकले वटवटे लोक एकच जात समजत होते. ह्याने कान देऊन ऐकलं, तीन वेगळे आवाज ओळखले, मग पक्षी हातात घेऊन मापं घेतली आणि त्या तीन वेगळ्या जाती आहेत असं दाखवून दिलं. शेतातला एक इवलासा उंदीर, गव्हाच्या ताटांवर गवताचं गोल घरटं विणणारा, त्याची नीट ओळख इंग्लंडला ह्यानेच करून दिली. त्याने दोन उंदीर तराजूत घातले, तर दुसऱ्या पारड्यात तांब्याचं एक अर्ध्या पेनीचं नाणं पुरलं. गांडूळ ही शेतकऱ्याला कीड वाटायची. ह्याने १७७७ च्या पत्रात लिहिलं की हा क्षुद्र दिसणारा जीव जमीन भुसभुशीत करतो, पानं-काड्या आत ओढतो, तो नसेल तर माती निर्जीव होईल. चार्ल्स डार्विनने गांडुळांवर पुस्तक लिहिलं ते १८८१ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. डार्विनने लहानपणी व्हाइट वाचूनच पक्षी बघायला सुरुवात केली होती. (आणि डार्विनसुद्धा एकदा जगप्रदक्षिणा करून आला तो पुढे कायमचा घरीच. १८४२ पासून चाळीस वर्षं एका खेड्यात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

१७८३ च्या उन्हाळ्याची त्याची नोंद मी दोनदा वाचली. २३ जून ते २० जुलै एक विचित्र धुकं पसरून राहिलं. भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिका, जमिनीवर गंजासारखा तांबूस उजेड. उकाडा असा की आज कापलेलं मांस उद्या खाण्याजोगं राहत नव्हतं. गावातली अडाणी माणसं घाबरली, आणि हा प्रांजळपणे लिहितो की शहाण्यासुरत्यालाही भीती वाटावी असंच ते होतं. आज आपल्याला ठाऊक आहे की त्या ८ जूनला आइसलँडमध्ये लाकी इथे ज्वालामुखीची लांबच लांब भेग उघडली होती आणि ती पुढे आठ महिने ओकत होती. त्याला त्यातलं नेमकं कारण समजलं नाही. पण तारखा लिहून ठेवल्या. हवामानाचे अभ्यासक अजूनही त्या वापरतात.

दुसऱ्या एका नोंदीने करमणूक केली. डिसेंबर १७८४ मध्ये अशी थंडी पडली की ह्याने दोन उष्णतामापकं बाहेर टांगली. त्यातलं एक चार अंशांपर्यंतच आखलेलं. पारा त्याच्याही खाली उतरून पितळी टोपणात जाऊन बसला. ऐन मजेच्या वेळी यंत्र निकामी झालं म्हणून हा हळहळतो! शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी मोडायचं, त्याची आठवण झाली.

पण घरी बसण्याचा तोटाही त्याच्याच पुस्तकात दिसतो, आणि तो मी लपवणार नाही. भिंगऱ्या आणि पाकोळ्या थंडीत जातात कुठे, हा त्या काळचा मोठा वाद. त्याचा भाऊ जॉन जिब्राल्टरला लष्कराचा पाद्री होता. त्याने समुद्रधुनीवरून पक्ष्यांचे थवे जाताना प्रत्यक्ष पाहिले, कळवले. गिल्बर्टने ते मानलं. आणि तरीही शेवटपर्यंत त्याच्या मनातून जाईना, की निदान काही पक्षी तरी इथेच, आपल्या टेकडीवर, कुठल्या तरी झुडपात नाहीतर बिळात झोपून राहत असतील. त्याने माणसं लावून झुडपं उपसून पाहिली. काही सापडलं नाही. इतका चौकस, इतका प्रामाणिक माणूस, पण आपल्या गावचे पक्षी गाव सोडून जातात हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. मला त्याचा राग नाही आला. मलाही लेक कॅनडाला गेल्यावर दोन वर्षं ती 'बाहेरगावी' गेली आहे असंच म्हणायची सवय होती.

आता कासवाचं सांगते. त्याच्या आत्याकडे, सेलबोर्नपासून दूर ससेक्समधल्या रिंगमर गावी, टिमथी नावाचं कासव होतं. आत्याने ते चाळीसेक वर्षं पाळलेलं. १७८० साली आत्या वारली. हा मार्चमध्ये तिथे गेला, जमिनीत पुरून झोपलेलं कासव उकरून काढलं, पेटीत घातलं आणि घोडागाडीने ऐंशी मैल घरी आणलं. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते जागं झालं. बागेत सोडल्यावर दोनदा टोकापर्यंत चालत गेलं आणि संध्याकाळी पुन्हा मातीत शिरून झोपलं. पुढे ह्याने त्याचं वजन करणं काय, कर्णा लावून त्याच्याशी मोठ्याने बोलून पाहणं काय... कासवाने ढुंकून पाहिलं नाही. एकदा हे कासव बागेबाहेर पळालं, सगळे हवालदिल, काही दिवसांनी सापडलं. त्यावर ह्याने कासवाच्या नावाने मल्सोच्या मुलीला पत्र लिहिलं. व्हाइटच्या मागे वर्षभरातच टिमथी मेला. त्याची पाठ लंडनच्या संग्रहालयात आहे. ती तपासल्यावर कळलं की टिमथी ही मादी होती! आयुष्यभर चुकीच्या नावाने हजेरी लागली बिचारीची.

आत्याच्या घरी हा नुसता कासव आणायला गेला नव्हता. वर्षानुवर्षं तो तिच्याकडे जात होता. गाडी लागत असूनही. लंडनला भावांकडे जायचा, दुसऱ्या भावाकडे फायफील्डला जायचा. १७८० मध्येच जॉन वारला, तेव्हा त्याच्या विधवा बायकोला आपल्या घरी आणलं, आणि मग शेवटपर्यंत त्याचं घर तिने सांभाळलं. बागेत थॉमस होअर नावाचा गडी होता, तो चाळीसेक वर्षं त्याच्याजवळ राहिला. व्हाइट बाहेरगावी असला की पावसाचं माप तो लिहून ठेवायचा. निंदणीला एक बाई असायची. म्हणजे पाहा, व्हाइट खिडकीत बसून पाकोळ्या मोजत होता तेव्हा चूल कुणीतरी पेटवत होतं, आणि ती बाई टेकडीवर कधी चढली का, तिला काय दिसलं, हे कुठल्याच रकान्यात नाही.

माझी आई वाईजवळच्या खेड्यात आयुष्यभर घरात होती. घर, विहीर, देऊळ आणि बाळंतपणापुरतं माहेर. तिला कुणी घरकोंबडी म्हटलं नाही, कारण बायकांनी घरात असायचं हे ठरलेलंच होतं. मग मी शिकले, नोकरीला लागले आणि चौतीस वर्षं सकाळी साडेसहाला डबा घेऊन बाहेर पडले. दुपारचं आपलं घर कसं दिसतं, ऊन कोणत्या वेळी देव्हाऱ्यापर्यंत येतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीनंतर कळलं. तेव्हापासून मी घरातच आहे आणि खरं सांगते, मला कंटाळा म्हणून कसा तो आलेला नाही. सकाळचा चहा, तुळस, वर्तमानपत्र, दुपारी दोन पानं, संध्याकाळी गॅलरी. आईला हे घर वाट्याला आलं होतं, मी मागून घेतलंय. हे जावेला फोनवर सांगता आलं नसतं.

पण सुरुवातीला म्हटलं ते कारण. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, सांगलीला असायची. गेल्या वर्षी आषाढात तिचा फोन आला, "ये गं चार दिवस." मी म्हटलं, पाऊस आहे, गाडी लागते, दिवाळीनंतर नक्की येते. तिने आग्रह केला नाही. भाद्रपदात ती गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. तिच्या सुनेने एक पिशवी हातात दिली. आत सांडगे आणि कुरडया होत्या, आक्काने माझ्यासाठी उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवलेल्या. तेव्हापासून 'घरकोंबडी' हा शब्द मला पूर्वीसारखा हसण्यावारी नेता येत नाही. आणि व्हाइटच्या पुस्तकात गाडी लागत असूनही दर वर्षी आत्याकडे निघालेला तो मनुष्य भेटला, तेव्हा मी ते पान फार वेळ उघडं ठेवलं होतं.

त्याची रोजची नोंद १५ जून १७९३ ला थांबते. २६ जूनला तो गेला. थडग्यावर नुसती नावाची दोन अक्षरं आणि तारीख. चर्चच्या आवारातलं जुनं यू झाड, ज्याचा घेर त्याने तेवीस फूट मोजला होता, ते १९९० च्या जानेवारीतल्या वादळात पडलं. त्याचं घर आता संग्रहालय आहे. पण ते विकत घ्यायला आणि उघडायला पैसा लागला, तो आला ओट्स घराण्याकडून. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली बर्फाच्या वादळात तंबूबाहेर चालत गेलेला कॅप्टन ओट्स, त्याचं घराणं. म्हणून आज घरकोंबड्याच्या घरात एका बाजूला खरबुजांच्या नोंदी आणि दुसऱ्या बाजूला ध्रुवावरच्या आणि आफ्रिकेतल्या प्रवाशांच्या वस्तू मांडलेल्या आहेत. १९५५ पासून दोघं एका छपराखाली सुखाने नांदताहेत.

आमच्या इमारतीच्या वरच्या छज्जाखाली पाकोळ्यांची घरटी आहेत. मी जुन्या कोऱ्या कॅटलॉगमध्ये त्यांची हजेरी मांडायला लागून आता चार महिने झाले. कालची संध्याकाळची संख्या अकरा. पुढच्या आठवड्यात आक्काचं वर्षश्राद्ध आहे, तेव्हा चार दिवस सांगलीला जाणार आहे. एसटीचं आरक्षण केलं, खिडकीची जागा मिळाली, आलेपाकाची पुडी पर्समध्ये घालून ठेवली आहे. ह्यांना वही कुठे आहे आणि सहा वाजता कुठे उभं राहून मोजायचं ते दाखवून ठेवलंय. "न विसरता मांडा," असं दोनदा सांगितलं, तर म्हणाले, "अहो बाई, मांडतो."